उपाशी इंजिनाची लाथ

मी एक जुना पंप आहे, मित्रांनो. रस्त्याच्या कडेला ऐटीत उभा राहून गाड्यांना पेट्रोल पाजणारा तो पंप नव्हे. मी असतो बॉनेटखाली, इंजिनाच्या कुशीला दोन नटांनी आवळलेला, मुठीएवढा. माझ्या डोक्यावर काचेची वाटी, पोटात रबरी पडदा आणि स्प्रिंग, आणि एक लोखंडी टांग थेट इंजिनात घुसलेली. इंजिन फिरलं की टांगेला टोला बसतो, पडदा ओढला जातो आणि टाकीतलं पेट्रोल माझ्याकडे येतं. मग स्प्रिंग ते दाबून पुढं कार्बोरेटरकडे ढकलते. टोले आपण खायचे आणि पेट्रोल दुसऱ्याला पाजायचं, असा माझा संसार.

कारखान्यातून निघालो तो लष्कराच्या एका जीपला लागलो. ती लिलावात निघाली तेव्हा आखाडा बाळापूरच्या उत्तमसिंगानं घेतली आणि बाजारची माणसं भरून वसमत, डोंगरकडा अशी पळवायला लागला. बॉनेट बंद असलं तरी मला ऐकू सगळं येतं. चढताना 'सरका, सरका' म्हणणारा माणूसच बसल्यावर पाय पसरतो, हे मला तिथंच कळलं. ड्रायव्हर होता वसराम, जवळच्याच तांड्यावरचा. रोज सकाळी तो गळ्यातल्या रुमालानं माझी वाटी पुसायचा. अशी विचारपूस मित्रांनो, पंपाच्या नशिबी फार येत नाही.

पुढं त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरच्या सुमाराला पेट्रोल भडकलं. उत्तमसिंग टाकीचं झाकण उघडताना श्वास रोखून धरायचा, न जाणो वाफ उडून जाईल. एक दिवस त्यानं जीप नरसिंग मेस्त्रीच्या पुढ्यात नेऊन उभी केली.

"नरसिंग, हा पंप लई पाजून राहिला. आवर त्याला."

"मालक, इंजिन मागतं तेवढंच देतो त्यो."

"मागंल तेवढं द्यायला इंजिन काय जावई हाय? बैलाला वैरण बेतानंच टाकतो ना आपुन?"

नरसिंगाला अक्कल होती, पण गिऱ्हाईक त्याहून प्यारं होतं. बाकड्याखाली एक तुटकी चप्पल पडली होती. तिच्या तळव्यातून त्यानं जाडसर चामडं कापलं, भोकं पाडली आणि माझ्या व इंजिनाच्या मधल्या कागदी पॅकिंगवर ते बसवून दिलं. झालं. मी चामड्याच्या जाडीएवढा मागं सरकलो. टांगेला टोला ओझरता बसायला लागला, पडदा अर्धाच ओढला जाऊ लागला, स्प्रिंगचा दाब कमी पडला. इंजिनाला हवा पोटभर आणि पेट्रोल थेंबभर.

उपाशी माणूस गप्प बसतो की मारामारीला उठतो, ते ज्याच्या त्याच्या स्वभावावर आहे. इंजिन मात्र हमखास मारतं. एका सकाळी वसराम गाडी सुरू करायला पुढचं हँडल मारण्यासाठी वाकला आणि इंजिनानं उलटी लाथ घातली. हँडल गरकन फिरून त्याच्या जबड्यावर बसलं. त्यानं दात थुंकला, तोंड धुतलं आणि पुन्हा हँडल धरलं. दुसऱ्या खेपेला कार्बोरेटरच्या तोंडातून भडका उठला तो त्याची भुवई घेऊन गेला. चढावर फटाफट बार निघायचे, रेडिएटर उकळायचा, टपावरच्या कोंबड्या केकाटायच्या. आणि पेट्रोल? जीपला ओढच राहिली नव्हती, त्यामुळे वसरामला सारखा खालचा गिअर टाकावा लागे. पेट्रोल वाचलं नाही ते नाहीच.

उत्तमसिंगाचा हिशेब सोपा होता. चामडं घालूनही पेट्रोल संपतंय, म्हणजे ड्रायव्हर चोरतोय. त्यानं जुना फॅनबेल्ट, म्हणजे इंजिनाचा रबरी पट्टा, उचलला आणि भर बाजारात वसरामला झोडपलं. पाठीवर, मानेवर, आडव्या धरलेल्या हातांवर. मिरचीच्या ढिगापाशी बसलेल्या बायकांनी तोंडावर पदर घेतले. सोडवायला कुणी उठलं नाही.

"मालक," वसराम खालूनच म्हणाला, "पंपाखालचं चामडं काढा. गाडी उपाशी हाय."

"हात लावून बघ त्याला. तुझंच चामडं काढीन."

महिना सरला नसेल, डोंगरकड्याच्या मळ्यात पाण्याची पाळी निघाली. विहीर उत्तमसिंग आणि त्याच्या धाकट्या भावाची, पाण्याची मोटर एक. धाकट्या शंकरसिंगानं स्वतःच्या केळीला पाणी धरलं होतं, ते उत्तमसिंगानं फोडून आपल्या सरीला वळवलं. जीप बांधावरच उभी होती. आधी आईबापांचा उद्धार झाला, मग ढेकळं, मग काठी. मग ओल्या लाकडात बसावा तसा एक आवाज आला. शंकरसिंगाची कुऱ्हाड थोरल्याच्या खांद्यात रुतली होती. ती तिथंच टाकून तो केळीतून पळाला.

मळ्यातच असलेली उत्तमसिंगाची बायको निर्मलाबाई आणि वसराम, दोघांनी मिळून त्याला उचलून जीपमध्ये मागं टाकलं. तिनं पदराचा बोळा जखमेत दाबला. वसरामनं वसमतच्या दवाखान्याची वाट धरली आणि पेडल तळाशी दाबलं. कुऱ्हाड बाहेरच्या कुणी पाहिली नव्हती, फॅनबेल्ट मात्र साऱ्या बाजारानं पाहिला होता. मालक गाडीत मेला असता तर लोकांनी खुनी कुणाला म्हटलं असतं, हे त्याला सांगायची गरज नव्हती.

ओढा ओलांडला, चढ लागला आणि इंजिनानं बार काढले. वसरामनं चोक ओढला, खालचा गिअर टाकला. मी पडदा फाटेस्तोवर ओढत होतो, पण टांगच पोचेना तिथं मी तरी काय पाजणार? कार्बोरेटर कोरडा पडला. जीप आचका देऊन थांबली.

निर्मलाबाईनं मागून रक्ताळलेल्या हातानं वसरामच्या थोबाडीत दिली.

"काहून थांबला? सूड घेऊन राहिला तू."

"वयनी, मारायचं तर मागाहून मारा. आत्ता पाना द्या."

त्यानं बॉनेट उचललं. तापलेल्या लोखंडाला हात लागताच कातडी सोलून निघाली, तरी त्यानं पाना सोडला नाही. दोन्ही नट काढून मला बाहेर खेचलं. तेलानं काळंकुट्ट झालेलं ते चामडं नखांनी उपटलं आणि बाजूनं गाडीत मागं भिरकावलं. ते पडलं निर्मलाबाईच्या मांडीवर. उत्तमसिंगानं डोळे किलकिले केले.

"चामडं... नको काढू... लई पील ती."

"तुमी गप ऱ्हावा," निर्मलाबाई दात खाऊन म्हणाली. "सवताचं रगत वाहून राहिलं ते दिसंना, अन् पेट्रोल दिसतं."

कागदी पॅकिंगवर मला पुन्हा आवळलं. माझ्या बाजूच्या छोट्या दांडीनं वसरामनं हातानंच पेट्रोल ओढून कार्बोरेटर भरला आणि हँडल मारलं. टांगेला टोला बसला, पुरा, सणसणीत. कितीतरी दिवसांनी स्प्रिंग पूर्ण दबली. पेट्रोल असं पुढं सुटलं की इंजिनानं एकदा खोकून मोकळा सूर धरला. आम्ही तो चढ एका दमात चढलो.

दवाखान्याच्या दारात एक पोलीस जमादार उभा होता. रक्तानं माखलेला ड्रायव्हर पाहताच त्यानं वसरामची गचांडी धरली आणि विचारायच्या आधीच दोन लगावल्या.

"कुणी मारलं रे मालकाला? तूच ना?"

वसरामनं दोन्ही हात तोंडापुढं आडवे धरले. मार खाणाऱ्याला कुणाचा पहिला आणि कुणाचा दुसरा, याचा फरक हळूहळू कळेनासा होतो. निर्मलाबाई मधे आली.

"सोडा त्याला. कुऱ्हाड माझ्या दिरानं मारली, शंकरसिंगानं. म्या डोळ्यानं पाह्यली." ते चामडं तिनं जमादाराच्या हातात कोंबलं. "अन् वाटेत गाडी अडली ती ह्याच्यामुळं. हे माझ्या नवऱ्यानं घातलं. ह्या पोरानं काढलं म्हून त्यो जित्ता हाय."

घरचं भांडण दाराबाहेर न सांगायची त्या घराची रीत होती. तिनं ती त्या पायरीवरच मोडली. जमादारानं गचांडी सोडली.

उत्तमसिंग जगला, डावा हात मात्र लोंबताच राहिला. दवाखान्यात नेलं त्याच संध्याकाळी वसरामनं नळावर तोंड धुतलं आणि चावी निर्मलाबाईच्या हातात ठेवली.

"उद्या येशील ना?" तिनं विचारलं.

"गाडीला पोटभर मिळायलंय, वयनी. आता माझं मी बघतो." आणि तो मोटारस्टँडाकडे चालता झाला.

आज मी नरसिंगाच्या गंजक्या डब्यात पडून आहे. मित्रांनो, कुणाकडून काम घ्यायचं असेल, मग तो बैल असो, यंत्र असो की माणूस, त्याच्या तोंडचं काढून बचत करू नका. त्याच्या वाटचं त्याला पुरतं द्या, आणि तो उपाशी आहे असं कुणी सांगत असेल तर हातातला पट्टा खाली ठेवून आधी ऐका.