सुई उचलायची जागा

नागोजीबुवांच्या पुण्यतिथीला मद्रासमधल्या मैलापूरच्या त्या घरात एक नेम होता. नैवेद्य झाला की कपाटातून जुना ग्रामोफोन निघायचा, घरातली एकुलती एक तबकडी त्यावर चढायची आणि द्रौपदीचा धावा सुरू व्हायचा. सगळे हात जोडून ऐकायचे. धावा टिपेला जाऊन संपला रे संपला की कर्त्या माणसानं सुई अलगद उचलायची. पुढे तबकडी खरवडलीय, सुई खराब होईल, असं बुवांचे चिरंजीव बालाजीराव सांगत. ते गेल्यावर हे काम त्यांच्या लेकीकडे, कमलिनीकडे आलं. देवावरचं निर्माल्य काढावं तशी ती सुई उचलायची.

कमलिनी बँकेतून निवृत्त झालेली आणि कीर्तनाची वेडी. मैलापुरात कुठल्याही सभेत कीर्तन असो, ही पुढच्या रांगेत. पूर्वरंगातच डोळे पाझरायला लागायचे. कीर्तनकार नागोजीबुवा तिचे आजोबा. तिच्या जन्माआधीच गेले होते, पण त्यांचा आवाज तिला देवाच्या जागी. तो आवाज जरा बारीक लागायचा. लहानपणी तिनं विचारलं तेव्हा बाबा म्हणाले होते, "त्या वेळच्या तबकड्या जोरात फिरत, म्हणून."

आजी विशालाक्षी मात्र तिला लख्ख आठवत होती. जन्माची मुकी. जेवायला बोलवायची ती टाळी वाजवून. तबकडी लागली की आजी स्वयंपाकघरात जायची, आणि सुई उचलली की बाहेर यायची.

या मार्गळीत, मार्गशीर्षातल्या उत्सवात, मैलापूरच्या एका संगीतसभेनं नागोजीबुवांची तसबीर लावायचं ठरवलं. तसबिरीपुढे त्यांचा आवाज वाजणार होता. कमलिनीचे पाय जमिनीला लागत नव्हते. तेवढ्यात एका लग्नाच्या पंगतीत, बाबांचे चुलतभाऊ राघोत्तमकाका तिच्या कानाशी आले.

"तसबीर लावा, सरि, ठीक. आवाज कशास लावता?"

"का हो काका?"

"तुझी आजी मुकी नव्हे गो, कमळे."

"तुमच्या पायसात काय पडलंय आज?" ती हसली.

ही अफवा खोटी ठरवायची म्हणून तिनं तंजावरपासून कोईमतूरपर्यंत सगळ्या नातलगांना फोन लावले. नात्यातल्या रत्नप्रभाताई म्हणाल्या, "अय्यो, हे आमच्या आईच्या तोंडूनही ऐकलंय की. पण ऐकीव हो सगळं." दुसरीकडेही तेच. ऐकलं सगळ्यांनी होतं, ठाऊक कुणालाच नव्हतं. कमलिनीनं देवापुढे दिवा लावला आणि ठरवलं, संपला विषय.

तसबिरीच्या कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी तिची भाची रम्या आली. जुन्या तबकड्या संगणकावर उतरवून देणाऱ्या एका माणसाकडे तिनंच तबकडी नेली होती.

"अत्या, सूपर क्वालिटी आलीय. तो म्हणाला, स्पीडपण करेक्ट केलाय. बस, ऐक."

फोनमधून धावा सुरू झाला. खरखर गेलेली. कमलिनीनं हात जोडले आणि दचकून सोडले. वेग कमी केला होता, तरी आवाज पुरुषी झाला नव्हता. स्वच्छ, भरदार, बाईचा आवाज.

धावा टिपेला गेला. संपला. कमलिनीचा उजवा हात सवयीनं पुढे आला आणि फोनच्या वर, हवेत थांबला. तिथे उचलायला सुई नव्हती.

क्षणभर काहीच नाही. मग श्वास घेतल्याचा आवाज. आणि तीच बाई, गाणं सोडून, एखादं पोर शाळेत नाव सांगतं तशी धिटाईनं बोलली, "विशालाक्षी. तंजावर."

"हे कोण, अत्या?" रम्या म्हणाली. "पूर्वी रेकॉर्डच्या एंडला सिंगर आपलं नाव सांगायचे ना? मग हे... अत्या? अत्या, पाणी देऊ?"

दहा वर्षांची होईपर्यंत जिच्या मांडीवर ती झोपली, त्या बाईचा आवाज ती आज पहिल्यांदा ऐकत होती. आणि बाबा? तबकडी पुढे खरवडलेली नव्हतीच. बाबांना ठाऊक होतं.

सकाळी पहिल्या गाडीनं ती आवडी उपनगरात काकांकडे गेली. काका पेपर वाचत होते. तिचा चेहरा पाहून त्यांनी चष्मा काढला.

"ऐकलंस."

"काका, सांगा."

"तबकडीच्या कंपनीची माणसं मद्राशी आलेली. बुवांचा घसा बसलेला. ही तुझी आजी मागं झील धरायची, सगळं आख्यान पाठ. बुवाच म्हणाले, तू गा. गाऊन झाल्यावर साहेब म्हणाला, नाव सांग. हिनं सांगितलं. नवऱ्याचं नाव कसं घेणार गो? आपलं सांगितलं."

"आणि तबकडीवर नाव छापलंय आजोबांचं."

"त्यांनीच छापून घेतलं. पण शेवटचं कसं पुसणार? लोक हसायला लागले, कीर्तन बुवांचं की बायकोचं? तेव्हा ते तिला म्हणाले, आजपासून तुझा आवाज मला ऐकू येता नये. ती म्हणाली, सरि. तेवढंच. मग बोलली नाही. बुवा गेले तरी नाही. बालाजी तापानं फणफणला, तेव्हाही उशाशी टाळ्या वाजवत बसली होती."

"आणि बाबांनी सुई उचलली."

"बापाचं नाव राखलं त्यानं."

"आईचं?"

काकांनी चष्मा पुसायला घेतला.

संध्याकाळी सभागृह भरलं होतं. तसबिरीत नागोजीबुवा, फेटा, उपरणं, गळ्यात वीणा. आजीचा एकही फोटो घरात सापडला नव्हता. सभेचे चिटणीस हंबीरराव माईकवर म्हणाले, "आता प्रत्यक्ष बुवांचा आवाज!"

धावा सुरू झाला. लोकांनी हात जोडले. कमलिनी यंत्रापाशी जाऊन उभी राहिली. समोर तिचं अवघं बालपण हार घालून बसलं होतं, आणि एका बोटानं ते मोडणार की वाचणार, हे तिच्या हातात होतं. थांबवलं तर आजोबा राहतील. कुणाला काही कळणार नाही.

धावा टिपेला गेला. संपला. टाळ्यांसाठी हात वर झाले, आणि घाईनं हंबीररावांचं बोट बटणाकडे गेलं.

"थांबा." कमलिनीनं त्यांचं मनगट धरलं.

"अहो, झालं की बाई!"

"नाही झालं." तिचा आवाज फुटला. "आजी बाहेर यायचीय अजून."

ध्वनिक्षेपकातून श्वास घेतल्याचा आवाज आला.