फडाकडं न जाणारा रस्ता

दसऱ्याचं सोनं वाटून झालं की दगडाबाईच्या अंगात वारं शिरायचं. पत्र्याची पेटी, तवा, पिठाचा डबा, ताडपत्री असं सगळं भराभर ओसरीवर येऊन बसायचं. मग ट्रक यायचा आणि मिरजगावजवळच्या त्या वाडीतून ती आणि तिचा नवरा पुंजाराम ऊसतोडीला जायचे. लग्न झाल्यापासून हेच चाललं होतं. दिवाळी उसाच्या फडात, संक्रांत फडात आणि शिमगाही फडातच. आपल्या घरात थंडी कशी पडते, हे कुणी विचारलं असतं तर दोघांना शेजाऱ्यांकडे चौकशी करावी लागली असती.

यंदा मात्र पुंजारामची पाठ कामातून गेली होती. गेल्या हंगामाच्या शेवटी उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकची शिडी चढता चढता मणका सरकला, तो सरकलाच. डॉक्टरनं भरलेली घागरसुद्धा उचलायची नाही म्हणून बजावलं. मुलगा अंगद टेम्पो चालवून घर नीट सांभाळत होता. तो म्हणाला, "आबा, आता बास झालं." पुंजाराम लगेच तयार झाला. तयार नव्हती ती दगडाबाई.

"माज्या हाताला काय झालंय?" ती म्हणाली. "तुमी कोपीत पडून ऱ्हावा. दोगांचं मी एकली तोडीन."

मुकादम बन्सीलाही तिनं फोनवर तेच ऐकवलं. बन्सी म्हणाला, "नीट इचार कर मावशी. ट्रक निघायच्या आदी परत फोन करतो, तवा पक्कं सांग."

पुंजारामला धडकी भरली ती तेव्हा. कारण ही बाई म्हणाली म्हणजे करणार. आपण फडाजवळच्या पाचटाच्या कोपीत आडवे पडणार, बाहेर पहाटेच्या काळोखात तिचा कोयता वाजत राहणार, आणि एक दिवस तो वाजायचा थांबणार. हे त्याला लख्ख दिसत होतं. पण तिला नको म्हणायचं कसं? जन्मात एकदाही तो तिच्याशी बोलण्यात जिंकला नव्हता. तेव्हा त्यानं वाद घालायचं सोडून दिलं आणि अंगदचा टेम्पो मागून घेतला.

"चल," तो म्हणाला, "भंडारदऱ्याकडं जाऊन येऊ. लोकं फुलं बगाया जात्यात म्हणं तिकडं."

"फुलं? बगाया?" दगडाबाईनं त्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

पण निघाली. निघताना तिनं टेम्पोत ताडपत्री टाकली, चूल टाकली, पीठ, मीठ, रॉकेलचा डबा, विळा आणि डालग्याखाली एक कोंबडीसुद्धा. अंगद पोट धरून हसला. "आई, लॉजवर ऱ्हायचंय तुमाला!"

"आन लॉजवाल्यानं हाकललं तर?" दगडाबाई म्हणाली. घराबाहेर रात्र काढायची म्हणजे काय काय लागतं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. कोंबडी तेवढी अंगदनं उतरवून घेतली.

ती पुढच्या सीटवर बसली आणि गाडी हायवेला लागताच तिनं दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला. आजवर ती ट्रकच्या हौद्यात, सामानाच्या ढिगावर, मागं तोंड करून बसत आली होती. रस्ता तिनं नेहमी दूर जाताना पाहिला होता. तो असा समोरून अंगावर येतो, हे तिला नवीनच होतं. पुंजाराम बैलगाडी हाकल्यासारखा टेम्पो हाकत होता, मागचे हॉर्न मारमारून दमत होते, आणि दोन्ही बाजूंनी फुलोऱ्याला आलेली तूर डुलत होती.

नगरच्या अलीकडं झेंडू लागला. नुसता झेंडू. केशरी, पिवळा, पार टेकडीच्या पायथ्यापर्यंत. पुंजारामनं गाडी बाजूला घेतली. तोरणात आणि हारात बघितलेलं फूल असं रानभर उभं बघून त्याला आत कसंतरीच झालं.

"बग की," तो हळूच म्हणाला.

दगडाबाईनं बघितलं. "हे तोडाया किती बाया लागत असतील वो?"

राहुरीच्या पुढं ऊस आला तशी तिची नजर पाजळली. "लई भारी ऊस हाय. पर पडलाय. पडल्याला तोडाया लई तरास." संगमनेरकडं डाळिंबाच्या बागा लागल्या, तिनं फळं तोडणाऱ्या बायकांची पाठ दुखत असेल म्हणून हळहळ केली. पुंजाराम रस्त्याकडं बघत गाडी हाकत राहिला. आपण हिला रंग दाखवतोय आणि हिला कामच दिसतंय. बन्सीचा फोन आला की ही हो म्हणून मोकळी होणार, याची त्याला खात्रीच पटली.

राजूरला एका साध्या लॉजवर मुक्काम केला. कुणी हाकललं नाही. सकाळी चहा घेऊन ते धरणाच्या कडेकडेनं डोंगरात शिरले आणि धुकं वर उचललं गेलं.

पुंजारामचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. खाली पिकत आलेल्या भाताची खाचरं होती, हिरवी, पोपटी, सोनेरी, एकाखाली एक उतरत गेलेली. कड्यांवरून अजून पाणी पडत होतं. आणि समोरचा अख्खा उतार पिवळा होता. सोनकीच्या फुलांनी दगडसुद्धा दिसू दिला नव्हता. मधूनच तेरड्याचा गुलाबी पट्टा. वारा आला की सगळा डोंगर हलायचा. तो खाली उतरला आणि टोपी काढून उभा राहिला. देवळात काढतात तशी. त्याला रडू येत होतं आणि त्याची लाजही वाटत नव्हती. जगात एवढं सगळं होतं आणि आपण ते न बघताच मरणार होतो, असं त्याच्या मनात आलं. बायकोचा, बन्सीचा, पाठीचा, सगळ्याचा त्याला विसर पडला.

मग मागून आवाज आला. कच्, कच्, कच्.

तो वळला. दगडाबाई पदर खोचून वाकली होती. डाव्या हातात गवताची मूठ, उजव्या हातात विळा. फुलं आणि गवत एकत्रच कापत ती सपासप पुढं सरकत होती. मागं एक मोळी तयार झाली होती, गवताचाच आळा दोरासारखा पिळून घट्ट बांधलेली, उसाच्या शेंड्याकडच्या वाढ्यांची बांधतात अगदी तशी.

"अगं, काय करतीस!"

ती थांबली नाही. गुरं घेऊन वरून उतरणारी एक बाई मात्र थांबली. रतनबाई तिचं नाव, खालच्या वाडीतली. तिनं मोळीकडं बघितलं, टेम्पोकडं बघितलं आणि भोळेपणानं विचारलं, "आजी, जनावर कुटं हाय तुमचं?"

विळा थांबला. दगडाबाई उभी राहिली आणि खरोखरच इकडंतिकडं बघू लागली. बैल नव्हता, शेळी नव्हती. इथून दिवसभराच्या वाटेपर्यंत तिचं एकही जनावर नव्हतं. मग तिनं आपल्या पायाखाली बघितलं. एवढ्या पिवळ्या डोंगरात तिच्याभोवती तेवढी खुंटांची उघडी जागा झाली होती.

ती मटकन खाली बसली. रतनबाई गुरांमागं निघून गेली.

"म्या बगितलंच न्हाई वो," दगडाबाई म्हणाली. "डोळं वर केलंच न्हाईत म्या. हातच पुडं गेलं."

पुंजाराम तिच्याकडं जायला निघाला, तेवढ्यात तिच्या कमरेच्या पिशवीत मोबाईल वाजला. बन्सी. पुंजाराम जागीच थांबला. तिनं फोन कानाला लावला. बन्सीचा आवाज मोठा, बाहेर ऐकू येत होता.

"मावशी, नाव धरू ना? काय चाललंय?"

दगडाबाईनं डोळे वर केले. वाऱ्यानं उतार हलत होता, खालपासून पार कड्यापर्यंत. ती बघत राहिली.

"मावशी? काय करतीस?"

"बसलेय," ती म्हणाली.

"आँ? बरं न्हाई का तुला?"

"बरी हाय. बसलेय नुसती. नाव काड बन्सी आमचं. आमी न्हाई येत."

पलीकडून बन्सी अजून काहीतरी विचारत होता. तिनं फोन बंद करून ठेवला. पुंजारामला तिच्या पायाच पडावंसं वाटलं, पण वाकता येत नव्हतं.

"अवं," तिनं समोर बघतच विचारलं, "हे समदं दरसाली असंच फुलतंय?"

"फुलत असंल की."

"आपुन ट्रकवर सामान चडवत हुतो, तवा बी?"

"व्हय."

तिच्या हातात धरायला काही नव्हतं, म्हणून दोन्ही पंजे मांडीवर उताणे पडले होते.

"मग उबं का तुमी?" ती म्हणाली. "बसा की वाईच. कुटं जायचंय आपल्याला?"