वरच्या जिभेचं मीठ

मास्तरांचं सगळं आयुष्य विमानात बसलेल्यांना जेवू घालण्यात गेलं आणि ते स्वतः मात्र जमिनीवरच राहिले. विमानतळाच्या मागच्या अंगाला, कुंपणाला लागून, एक लांबलचक बिनखिडक्यांची इमारत होती. तिथे रोज हजारो जेवणं शिजत, झटपट गार होत आणि ट्रॉल्यांत भरून विमानांकडे रवाना होत. त्यातली पुढच्या वर्गाची, म्हणजे पाय लांब करून झोपता येईल अशा खुर्च्यांवर बसणाऱ्यांची जेवणं मास्तरांच्या हाताखालून जात. एकतीस वर्षं. ‘मास्तर’ हे नाव तिथल्याच लोकांनी पाडलं, कारण कुणाची चव चुकली तर ते ओरडत नसत, फळ्याशी नेऊन समजावत.

तिथला पहिला धडा मिठाचा. वर गेलं की माणसाची जीभ मंदावते. हवा कोरडी, नाक चोंदलेलं, कानात सतत घरघर. खाली झकास लागलेला पदार्थ वर अळणी होतो. म्हणून खाली चाखताना जे जरासं खारट लागेल, तेच वर बरोबर लागतं. मास्तर ह्याला ‘वरच्या जिभेचं मीठ’ म्हणत. नव्या माणसाला ते शिकायला सहा महिने लागत. मास्तरांना मात्र घरी आल्यावर ते विसरायला कधीच जमलं नाही. जेवायला बसले की पहिल्या घासाआधीच त्यांचा हात मिठाच्या बाटलीकडे जाई.

त्या हाताने त्यांच्या संसारात जेवढं वाकडं केलं तेवढं एखाद्या खाष्ट सासूलाही जमलं नसतं. मास्तरीणबाई खरी सुगरण. शेजारपाजारचे लोक काही ना काही निमित्त काढून तिच्या ओट्याशी घुटमळत. आणि हा नवरा! पहिल्या वर्षी ती ओट्याकडे तोंड करून रडली. दुसऱ्या वर्षी भांडली. तिसऱ्या वर्षापासून तिने मिठाची बाटली आपणहून त्यांच्या ताटाशेजारी ठेवायला सुरुवात केली. हे रडण्या-भांडण्यापेक्षा वाईट आहे एवढं मास्तरांना कळत होतं.

“अगं, कामामुळे जीभ बिघडलीय माझी,” ते म्हणत.

“जगाला खाऊ घालता आणि घरचंच तेवढं अळणी लागतं होय? राहू द्या.”

तिला पटवायचं तरी कसं? तिने मास्तरांच्या हातचं विमानातलं जेवण कधी चाखलंच नव्हतं. त्या इमारतीतून चिमूटभरही काही बाहेर नेता येत नसे. दारावर पिशव्या तपासत, उरलेलं दोन माणसांच्या देखत फेकून देत. आणि घरी ते कधी स्वयंपाकाला हात लावत नसत. चप्पल शिवणाराच अनवाणी, त्यातला प्रकार.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण ह्या कथेत एक चोरीही आहे.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी पुढच्या वर्गाचं सूप रोज भरल्या वाट्यांनी परत यायला लागलं. मीठ वाढवून पाहिलं, मलई घालून पाहिली. लोक दोन चमचे घेत आणि वाटी सरकवून ठेवत. मास्तरांची नोकरी त्या वाट्यांवर अडकली होती. त्याच आठवड्यात घरी बायकोने टोमॅटोचं सूप केलं. फोनवर बोलण्याच्या नादात तिच्या हातून कांदा विस्तवावर पार काळा झाला होता. टाकवेना, म्हणून तिने तो तसाच सोलून टोमॅटोबरोबर वाटला आणि वरून एक नासपती किसून घातली. मास्तरांनी नेहमीप्रमाणे त्यात मीठ घातलं, एक चमचा तोंडात घेतला आणि लगेच दुसरा घेतला. जळक्या कांद्याचा तो वास बंद नाकातूनही आत शिरला असता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते इमारतीत केलं. आठवड्याभरात वाट्या चाटूनपुसून परत यायला लागल्या. जेवणाच्या कार्डावर छापून आलं, ‘आमच्या मुख्य आचाऱ्यांचं खास सूप’. सूप यादीत असेल त्या त्या महिन्यात, एकोणतीस वर्षं, ते छापून येत राहिलं. त्या सूपासाठी कंपनीने मास्तरांना एक चांदीचा मुलामा दिलेली तबकडी दिली. ती दिवाणखान्यातल्या फळीवर होती आणि मास्तरीणबाई दर रविवारी ती पुसत असे.

सांगायचं त्यांच्या मनात पहिल्या दिवसापासून होतं. आधी म्हणाले, पसंत पडू दे, मग सांगू. पसंत पडल्यावर तबकडी आली. आता सांगावं तर ती म्हणणार, ज्या सूपात तुम्ही मीठ ओतता तेच नेऊन वर मिरवता? त्याला वरच्या जिभेचं उत्तर होतं, पण ते तिने आधीच नाकारलेलं होतं. आज सांगू, उद्या सांगू करता करता मुलगी मोठी झाली, लग्न होऊन दूरदेशी गेली आणि मास्तरांची निवृत्ती तोंडावर आली.

निवृत्तीची भेट म्हणून कंपनीने मुलीकडे जायला पुढच्या वर्गाच्या दोन जागा दिल्या. मास्तर हरखून गेले. एकदा तरी बायकोला आपलं जेवण, जिथे जेवायचं तिथे बसून जेवू घालावं, एवढीच त्यांची इच्छा होती. सूप त्या महिन्याच्या यादीत नव्हतं, हे त्यांनी दोनदा तपासून घेतलं.

पण विमान सुटायच्या आदल्या दिवशी कळलं की विमान कंपनी दोन स्वयंपाकघरांची तुलना करणार आहे. एक मास्तरांचं, एक नवीन. प्रत्येक प्रवाशासमोर दोन तबकं येणार, एक निळ्या चिठ्ठीचं, एक पिवळ्या. कोणतं कुणाचं ते सांगायचं नाही. प्रवाशांनी चाखून फॉर्म भरायचा. मासा, बटाटे, पाव दोघांचे सारखेच, आणि सोबत आपापलं सगळ्यात नावाजलेलं सूप द्यायचं होतं. मास्तरांच्या लोकांनी, त्यांचा मान म्हणून, त्यांना न विचारता तेच सूप पाठवलं.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं.

विमानात मास्तरीणबाई मात्र खुशीत होती. खुर्चीची सगळी बटणं तिने दाबून पाहिली, एकदा आडवी झाली आणि घाबरून पुन्हा उठून बसली. गरम टॉवेल आला तेव्हा तिने तोंड पुसून समोरची फळीही पुसून घेतली.

“अहो, एवढ्या जागेत आपलं स्वयंपाकघर बसलं असतं.”

“हं.”

“बरं वाटत नाहीये का? चेहरा का असा पडलाय?”

दोन्ही तबकं आली, बरोबर तुलनेसाठी खास छापलेलं जेवणाचं कार्ड. चोराच्या मनात चांदणं, तसे मास्तर आपल्या निळ्या चिठ्ठीकडे पाहायचं टाळत होते. त्यांना फॉर्म मिळाला नव्हता. ते कंपनीचे माणूस. तिला मिळाला. तिने चष्मा लावला आणि परीक्षेला बसल्यासारखी कामाला लागली.

“हा पिवळ्यातला मासा छान आहे बघा. मऊ आहे, पण तुटत नाही. निळ्यातला जरा कोरडा झालाय. दोनदा तापवला असणार.” अगदी बरोबर होतं. “पाव निळ्यातला चांगला. बटाटे पिवळ्यातले दिसायला सुंदर, आत कच्चे. नुसता नट्टापट्टा.” ती प्रत्येक रकान्यात बारीक खूण करत होती. एकतीस वर्षं इमारतीतले चाखणारे जे सांगायला अर्धा तास घेत, ते ती एका घासात सांगत होती. मास्तरांना तिचा अभिमान वाटला आणि भीती वाढली.

मग तिने पिवळ्यातलं सूप घेतलं. “बरं आहे. मलईने वेळ मारून नेलीय.” मग निळ्यातलं.

पहिला चमचा तोंडात गेला आणि ती थांबली. दुसरा घेतला. चमचा खाली ठेवून वाटी नाकाशी नेली. मास्तर खिडकीबाहेरचे ढग मोजत होते.

“कांदा जाळलाय,” ती हळूच म्हणाली. मग पुन्हा हुंगून म्हणाली, “नासपती आहे.”

मास्तरांनी मान आणखी खिडकीकडे वळवली.

“अहो, इकडे बघा. हे सूप माझं आहे.”

आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. “तुझंच,” मास्तर म्हणाले. “दुसऱ्या वर्षापासून. ती फळीवरची तबकडी ह्याचीच. तुला सांगणार होतो.”

“कधी?”

मास्तरीणबाईने तबकात ठेवलेली बोटाच्या पेराएवढी मिठाची बाटली उचलली आणि त्यांच्या वाटीशेजारी ठेवली. तिसऱ्या वर्षापासून ठेवत होती तशीच.

“घाला. तुम्हाला कमी लागतं ना माझं.”

मास्तरांनी वाटी उचलली. त्या सूपात एकोणतीस वर्षं त्यांनी मोजूनमापून मीठ घातलं होतं, पण ते वर कसं लागतं हे त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांनी एक चमचा घेतला. मग दुसरा, मग तिसरा. बाटलीकडे हात गेला नाही. तो जात नाहीये हे त्यांच्याही उशिरानेच लक्षात आलं.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “अगदी बरोबर. अगं, मी घरी बसूनसुद्धा इथल्याच जिभेने जेवत होतो. तुझं कधी कमी नव्हतं. एक दिवससुद्धा नव्हतं.”

तिने स्वतःच्या वाटीतला अजून एक चमचा घेतला, सावकाश चाखला. “ह्यात मी घालते त्याच्यापेक्षा मीठ जास्त आहे?”

“जवळजवळ दीडपट.”

“लागत नाही तसं.”

“तेच तर सांगत होतो इतकी वर्षं!”

“सांगत होतात. पण हे आमच्या आचाऱ्याचं खास सूप, असं मिरवलंत ते नाही सांगितलंत.” ती रागावली होती, खरोखर रागावली होती. पण डोळे पुसायला तिने टॉवेल शोधला आणि तो त्यांनीच तिच्या हातात दिला. “दर रविवारी पुसते हो ती तबकडी. निदान माझीच आहे म्हणून पुसली असती.”

“चुकलो.” एवढं सरळ ते आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाले.

फॉर्म पुढे ओढून लिहायला लागली. सूपाच्या रकान्याशी बराच वेळ पेन अडलं. मग तिने शेरा लिहिला, घडी घातली आणि विमानातली मुलगी फॉर्म गोळा करायला आली तेव्हा पुढे केला. मुलीने नजर टाकली आणि गोंधळली.

“मॅडम, सूपाला तुम्ही खूणच केली नाहीत.”

“खाली लिहिलंय, वाच की बाळा.”

मुलीने मोठ्याने वाचलं. “निळ्या चिठ्ठीचं सूप दोन्हींत चांगलं आहे. पण ते माझं आहे, म्हणून मत दिलेलं नाही. स्वतःचं कौतुक स्वतः करू नये. कांदा अजून थोडा जाळायला हवा होता.” तिने वर पाहिलं. “माझं म्हणजे?”

मास्तरीणबाईने मास्तरांकडे पाहिलं. उत्तर द्यायचं काम तिचं नव्हतं.

मास्तरांनी खुर्चीचा पट्टा सोडला आणि उभे राहिले. कार्डावरच्या ‘मुख्य आचाऱ्यांचं खास’ ह्या ओळीवर बोट ठेवून ते पुढच्या-मागच्या खुर्च्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “म्हणजे हे ह्यांनी केलेलं आहे. ही माझी बायको. मी एकोणतीस वर्षं नुसतं वर पोचवत होतो. कंपनीला सांगा, कार्ड बदला.”

दोन-तीन प्रवाशांनी वळून पाहिलं. पलीकडचे एक गृहस्थ वाटी उंचावून मास्तरीणबाईला म्हणाले, “फारच सुंदर झालंय.” ती लाजून लालबुंद झाली.

“बसा आता,” तिने मास्तरांचा सदरा ओढला. मग त्या मुलीकडे वळून म्हणाली, “ह्यांना अजून एक वाटी आण, बाळा. आणि ही मिठाची बाटली घेऊन जा.”