कोंडिबा गुरुजींचे स्वल्पविराम

चांदे गावचे कोंडिबा गुरुजी शाळेतून निवृत्त झाले होते, तथापि विद्यादानाची त्यांची आसक्ती यत्किंचितही उणावली नव्हती. मेंढपाळाघरचा सावळा रोज सायंकाळी त्यांजकडे इंग्रजी शिकावयास येई. पौडच्या कचेरीत कारकुनाची जागा निघाली होती. उद्या साहेब इंग्रजीतून मजकूर सांगणार आणि उमेदवारांनी तो लिहावयाचा. जागा हुकल्यास सावळ्यास मुंबईच्या गिरणीची वाट धरणे भाग होते. त्या विचारानेच निपुत्रिक गुरुजींचे अंतःकरण व्याकुळ होई.

गुरुजी मजकूर सांगत, सावळा पाटीवर लिही, आणि आजवर तोच आपले लिहिलेले वाचून दाखवी. आज पुण्याहून चष्मा आला होता, म्हणून गुरुजींनी पाटी स्वतः हाती घेतली. आणि ते थक्कच झाले. 'ऑल्वेज'च्या मागेपुढे स्वल्पविराम! 'सून'ला स्वल्पविराम, 'ऑफन'लाही!

"अरे, 'हाउएव्हर' आरंभी आले तर थांबावे. या बिचाऱ्या 'ऑल्वेज'ला का अडवलेस?"

"तुमी थांबला, म्हून. मी थांबीन तितं स्वल्पविराम दे, आसं तुमीच म्हनला व्हता."

चुलीपाशी बसलेल्या सगुणाबाई, गुरुजींच्या पत्नी, फणकारल्या, "थांबत्यात कुटं? दम लागतुया ह्येंला! साऱ्या गावाला ठावं हाय. तुला येड्याला तेवढं कळंना व्हय?"

सावळ्याने मान खाली घातली. "कळत व्हतं, काकी. पर दम कुटला आन् नियम कुटला, त्ये उमगंना. गुरुजीला पुसायचं कसं? म्हून समद्यांलाच दिला."

आपला विकार आपण मोठ्या शिताफीने झाकला आहे, असा गुरुजींचा समज होता. त्यांनी चष्मा काढून उपरण्याने पुसला, पण पुसावयाचे होते ते डोळेच.

"आता तू म्हण," ते म्हणाले. "मी बोलत नाही. बोट उचलीन तिथेच थांब."

सावळा पाटीवरचे एकेक वाक्य म्हणू लागला. 'ऑल्वेज' आला, गेला. बोट हलले नाही. 'हाउएव्हर' आला तेव्हा मात्र ते वर झाले. दिवेलागण होऊन गेली तरी दोघे उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सावळा पौडहून धावतच आला. "गुरुजी, जागा मिळाली!"

गुरुजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, तो काढण्याचे भान त्यांस राहिले नाही.

"मी सांच्याला येनारच," सावळा म्हणाला. "पर तुमी बोलायचं न्हाई. मी वाचीन, तुमी पडून ऐका."

"तुजं विंग्रजी ऐकून झोप लागंल ह्येंला," सगुणाबाई म्हणाल्या.

"लागू दे की," गुरुजी म्हणाले.