खोलीचा आवाज

कॉलरला लावलेला माइक आईने चिमटीत धरून सरळ केला. हेडफोनमधल्या खरखराटाने साउंडवाल्याचं तोंड वाकडं झालं.

"काकू, त्याला हात नका लावू."

"माझ्या अंगावर चिकटवलाय, मी लावणारच. आणि एवढे दिवे कशाला? ऑपरेशन करताय का माझं?"

माहितीपट करणारी बाई हसली नाही. हातातला कागद तिने उलटा ठेवला.

"तुमच्या मुलीने सगळं सांगितलंय. मालिकेत काम करत होती, नऊ वर्षांची होती, तेव्हा निर्मात्याने काय केलं ते. पण तिचं बोलणं एकटं पडतंय. दुसऱ्या कुणी दुजोरा दिला नाही, तर वकील तो भाग काढायला लावतील."

"काढा की." आई उठली, उशी झटकली, पुन्हा बसली. "तीन वर्षं सावलीसारखी होते मी तिच्याबरोबर. डबा माझा, वेणी माझी. संवाद पाठ करून घ्यायचे तेही मीच, अक्षराला अक्षर लावत. माझ्या देखत कुणाची छाती होती?"

"म्हणजे तुम्हाला काहीच ठाऊक नव्हतं?"

"नव्हतं. घ्या लिहून."

तासभर हेच चाललं. आईने खिडकी लावली, उघडली, परत लावली. शेवटी बाईने कॅमेरा बंद केला. आईचा हात लगेच कॉलरकडे गेला.

"थांबा काकू," साउंडवाला म्हणाला. "अर्धं मिनिट नुसता खोलीचा आवाज घ्यायचाय. नंतर तुकडे जोडताना मधे भरायला लागतो. कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही."

"खोलीला मेलीला कसला आलाय आवाज!"

"असतो, काकू."

सगळे जागच्या जागी थांबले. फ्रिज घरघरत होता. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढली. आईच्या पायाचा अंगठा फरशीवर घासत राहिला, मग थांबला.

"मेकअपच्या खोलीचं दार आतून लावलेलं होतं," ती म्हणाली. "पोरगी रडत होती, ऐकू येत होतं मला. मी ठोकलं नाही. दुसऱ्या दिवशी तिचा मोठा सीन होता."

बाई कॅमेऱ्याकडे धावली. साउंडवाल्याने हात आडवा केला. त्याचं मशीन चालूच होतं.

"आलं त्यात?" आईने विचारलं.

"आलं."

"आणि तुझं ते अर्धं मिनिट?"

साउंडवाल्याने घसा खाकरला. "ते पुन्हा पहिल्यापासून घ्यावं लागेल."

"घे मग," ती म्हणाली. "आता बसते मी गप्प."