साहेबांना न दिसलेलं धुणं

मी एक जुना धुण्याचा दगड आहे. हसू नका, मित्रांनो! बागेत खेळता खेळता चपलेचा चिखल माझ्यावर पुसता ना, पण एके काळी माझा काय मान होता ते तुम्हाला ठाऊक नाही.

डोंगरातल्या खाणीतून मला बैलगाडीत घालून आणलं आणि नाशिक रोडजवळच्या या वस्तीत सार्वजनिक नळापाशी बसवलं. सकाळी नळाला पाणी आलं की माझ्याभोवती बायकांची झुंबड उडायची. गोधड्या, सतरंज्या, प्रेसमधल्या कामगारांचे शाईने माखलेले सदरे, काय काय आपटून घेतलं मी अंगावर! कधी कुरकुर केली नाही. बरं, थोडी केली. भिमाबाईचा हात फार जड होता हो.

एकोणऐंशी साली नगरपालिकेनं इथल्या मोकळ्या जागेत बाग करायचं ठरवलं. ओव्हरसियर निकुंभ साहेब जागा बघायला येणार, असा निरोप आला. झालं! नुसती धांदल. माणूस येणार म्हणजे आवरायला नको? ओली धुणी घरात गेली, बादल्या लपल्या, मला घासूनपुसून पुढ्यात रांगोळी काढली. साहेब आले, चहा प्याले, स्वच्छतेचं कौतुक केलं. मी रिकामा दिसलो, म्हणून माझ्याच जागेवर फुलांचा वाफा आखून गेले.

पुढच्या आठवड्यात मजूर पहारी घेऊन आले. माझी तर पाचावर धारण बसली. मी गेलो तर सगळ्या वस्तीचं धुणं पार वालदेवी नदीवर जाणार होतं. तेवढ्यात भिमाबाई धावत आली, ओली गोधडी माझ्यावर टाकून तिथंच बसली.

"आधी मला उचला, मग दगड!"

निकुंभ साहेब गोंधळले. "अहो बाई, त्या दिवशी इथं कोणीच नव्हतं!"

"तुम्ही येनार म्हनून तर आवरलं व्हतं ना साहेब!"

साहेब खो खो हसत सुटले. "उद्या पाण्याच्या वेळेला येतो. काही आवरू नका. मला तुमचा पसाराच बघायचाय."

दुसऱ्या दिवशी रांग कुठं लागते, पाणी कुठं तुंबतं, हे भिमाबाई दाखवत गेली आणि साहेब पांढऱ्या फक्कीनं रेघा ओढत गेले. नगरपालिकेनं सांडपाण्यासाठी पाइप दिले, वस्तीतल्या महिला मंडळानं घरोघरची माणसं जमवून रविवारी चर खणला. वाफा थोडा सरकला आणि मी राहिलो. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

पुढं घरोघर नळ आले. आता माझ्यावर कोणी धुणं धूत नाही. थकलेली भिमाबाई तेवढी संध्याकाळी येऊन टेकते. "हायेस का रे अजून?" म्हणते. तिचा हात आता अगदी हलका झाला आहे, आणि मला ते आवडत नाही.

कानावर आलंय, बाग नव्यानं करायची आहे. पुन्हा कोणी साहेब जागा बघायला येणार आहेत. मित्रांनो, एवढं ऐका. त्या दिवशी खेळ थांबवू नका, चपला रांगेत लावू नका, भिमाबाईला घरी बसवू नका. साहेबांना तुमचा पसारा बघू द्या, कुठं काय हवं ते सांगा. आणि दोघंतिघं माझ्यावर बसून राहा. मी रिकामा दिसायला नको.