ठिपक्यांचे हातमोजे

साळूबाईंनी शिलाई मशीनचे दाते खाली पाडले आणि गोधडीवर दोन्ही तळवे दाबून धरले. दाते खाली गेले की मशीन कापड ओढत नाही. सुई नुसती वरखाली होते, कापड फिरवायचं ते हातानं. पान काढायचं तर हात पानासारखा वळला पाहिजे. साळूबाईंचा हात वळला, पण बोटं कापडावरून घसरली. पानाच्या जागी वाकडी रेघ उमटली आणि अर्धी गोधडी आपल्याच वजनानं मशीनवरून खाली ओघळली.

"भवानीला सारखी खाली बसायची हौस," त्या गोधडीला म्हणाल्या.

सुप्याच्या कंपनीतून नुकतीच आलेली अश्विनी, त्यांची सून, दारातच चपला काढत होती. तिनं पिशवीतून पांढरे हातमोजे काढले. तळव्यांवर रबराचे निळे ठिपके होते.

"आत्या, हे घाला. कंपनीत लोखंडी पत्रं धरायला देत्यात. कापड घसरायचं न्हाई."

"हातमोजं घालून गोधडी? उद्या म्हनशील हेलमेट घाल."

"घालून तर बघा."

साळूबाईंनी घातले. गोधडी हातात धरून राहिली. एक पान काढून झाल्यावर त्यांनी दुसरं काढायला घेतलं. अश्विनीनं गोठ्यातली दाराची जुनी फळी आणली आणि विटांवर मशीनच्या पातळीला टेकवली. आता गोधडी फळीवर ऐसपैस पडली. खाली ओढत नव्हती.

"कोपराखाली उशी घ्या आता. खांदं भरून येत्यात तुमचं."

"मी काय म्हारानी हाय? उशी नको."

गोधडी अश्विनीचीच होती. सोमवारी तिचं लग्न होतं, श्रीगोंद्याच्या एका माणसाशी, कचेरीत सह्या करून. ते साळूबाईंनीच जमवलं होतं. त्यांचा एकुलता लेक कानिफनाथ दूध घालायला निघालेला हायवेवर अपघातात गेला, त्याला आता तीन वर्षं होत आली होती. मेलेल्या माणसाच्या नावानं जिवंत बाईला सुकवायचं, हा गावाचा आवडता उद्योग. साळूबाईंनी त्या उद्योगावर थुंकून पाहुण्यांना चहा पाजला होता. अश्विनीच्या भावानं मात्र फोनवरच सांगितलं, एकदा दिली, आता आमचा संबंध न्हाई. मग माहेरची गोधडी कोण देणार?

पुतणसून सविता शेजारच्या घरातून ताक मागायला आली आणि उंबऱ्यातच टेकली.

"आत्याबाई, सून उजवायला निगालाय जनू. लेकाचं कायतरी घातलंय का न्हाई गोधडीच्या पोटात?"

"तुझी जीभ घालनार हुते. पर रातभर बोलत ऱ्हाईल, पोरीला झोप लागायची न्हाई."

सविता ताक घेऊन गेली. पण तिचा प्रश्न अश्विनीच्या छातीत राहिला. गोधडीच्या पोटात घरच्या माणसांची वापरलेली कापडं घालायची, म्हणजे मुलगी परक्या घरीही आपल्या माणसांत निजते, अशी इकडची रीत. परवा तिनं पेटी उघडली होती. कानिफचा निळ्या चौकड्यांचा सदरा जागेवर नव्हता.

नव्या माणसाच्या शेजारी तो सदरा पांघरून निजायचं? आणि नको म्हणायचं, तर आत्यांच्या तोंडावर कसं म्हणायचं? त्याहून वाईट म्हणजे, सदरा त्यात असावा, असंही तिला मधूनच वाटायचं. मग ती उगाच भांडी घासायला घ्यायची.

रविवारी दुपारी ती जादा पाळी करून आली, तर साळूबाई शेवटची कड मारत होत्या. हातमोज्यांतले हात संथ फिरत होते. खांदे आज वर चढलेले नव्हते. दोन्ही कोपरं गोधडीखाली कशावर तरी निवांत टेकली होती.

"झाली. दाबून बघ."

अश्विनीनं गोधडी मांडीवर ओढली. साळूबाईंचं लुगडं हाताला लागलं. तिची स्वतःची पहिली साडी लागली, सासऱ्यांचं धोतर लागलं. ती बोटांनी खिशाची शिवण शोधत राहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. साळूबाई बघत होत्या.

"न्हाई त्यात," त्या म्हणाल्या.

अश्विनीनं मान वर केली. गोधडी उचलल्यामुळं फळी उघडी पडली होती. मशीनच्या दोन्ही बाजूंना दोन छोट्या उशा होत्या. निळ्या चौकड्यांच्या. उजवीवर खिसा तसाच होता.

"तुला तितं त्याची अडचन झाली असती," साळूबाई हातमोजे काढत म्हणाल्या. "मला हितं कोपर टेकायला कायतरी लागतंच की."

अश्विनी उजवीकडच्या उशीकडं बघत राहिली. उशीची एक बाजू उघडीच होती. आतला कापूस दिसत होता.

"तेवढं तोंड तू शिव," साळूबाई उठल्या. "मी चहा टाकते."

अश्विनी मशीनवर बसली. हातमोजे हातांत चढवले. ते आतून अजून गरम होते.